बटरवर्थ, जॉर्ज

(१२ जुलै १८८५ – ५ ऑगस्ट १९१६). इंग्रज संगीतरचनाकार, लोकगीतांचा संग्राहक आणि पहिल्या महायुद्धात मिलिटरी क्रॉसचा मानकरी ठरलेला पायदळातील अधिकारी. जन्म लंडनमध्ये, बालपण यॉर्कमध्ये. वडील अलेक्झांडर हे नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक, आई गायिका. ईटन आणि ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात तो शिकला. मुलाने वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. पण ऑक्सफर्डमध्ये सेसिल शार्प आणि रॅल्फ व्हॉन विल्यम्स यांचा सहवास लाभला आणि तो लोकसंगीताकडे ओढला गेला. रॅडली येथील शिक्षकी, ‘द टाइम्स’साठी संगीतसमीक्षा, रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधील अर्धवट शिक्षण यांपैकी कशातही तो फार काळ रमला नाही.

रमला तो खेड्यापाड्यांत. विशेषतः ससेक्स परगण्यात फिरून त्याने साडेचारशेच्या आसपास गीते व नृत्यांच्या चाली टिपून घेतल्या. मॉरिस या पारंपरिक नृत्यप्रकारात तो स्वतःही तरबेज होता. १९१२ मध्ये त्याच्या नाचाचे चित्रीकरण झाले आणि ते आजही पाहायला मिळते.

ए. ई. हाउसमनच्या ‘अ श्रॉपशायर लॅड’ (१८९६) या संग्रहातील कवितांना त्याने दिलेल्या चाली (१९११–१२) हे त्याचे मुख्य कर्तृत्व. ‘इज माय टीम प्लाउइंग’ या गीतात मेलेला तरुण आणि त्याचा जिवंत मित्र यांचा संवाद आहे. दोघांचे बोलणे एकच गायक म्हणतो : मृताचे प्रश्न मंद आणि वरच्या पट्टीत, मित्राची उत्तरे खालच्या पट्टीत, ठसठशीत. पियानोची साथ अगदी मोजकी. एवढ्या काटकसरीत इतका परिणाम साधलेली इंग्रजी गीते थोडीच असतील. अकाली मरणाऱ्या तरुणांच्या या गीतांत युद्धाची चाहूल ऐकण्याचा मोह अनेकांना होतो. पण कविता आदल्या शतकातल्या आणि चाली युद्धापूर्वीच्या आहेत, तेव्हा त्यांत भविष्यवाणी शोधू नये. याच गीतांवर आधारलेली वाद्यवृंदासाठीची ऱ्हॅप्सडी आर्थर निकिशने १९१३ च्या लीड्स महोत्सवात सादर केली. ‘द बँक्स ऑफ ग्रीन विलो’ ही छोटी रचना १९१४ च्या फेब्रुवारीत एड्रियन बोल्टच्या संचालनाखाली प्रथम वाजली. व्हॉन विल्यम्सने सिंफनी लिहावी, ही सूचनाही बटरवर्थचीच. त्या ‘लंडन सिंफनी’ची मूळ प्रत युद्धाच्या सुमारास जर्मनीत हरवली, तेव्हा वादकांच्या सुट्या प्रतींवरून ती पुन्हा उभी करण्यात त्याने हातभार लावला.

ऑगस्ट १९१४ मध्ये तो ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फंट्रीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या १३ व्या बटालियनमध्ये अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. हाताखालचे जवान बहुतेक खाणकामगार. फ्रान्सला जाण्यापूर्वी, मनास न उतरलेल्या आपल्या रचना त्याने नष्ट केल्या. आज उपलब्ध असलेला संग्रह इतका तुटपुंजा आहे, याचे एक कारण ही कठोर निवड.

जुलै १९१६ मध्ये, सॉमच्या लढाईत, पोझिएर गावाजवळ कंपनीचे नेतृत्व त्याच्याकडे आले. थोडी जखम झाली असूनही त्याने मोर्चा सोडला नाही आणि कंपनी शांत डोक्याने हाताळली. मिलिटरी क्रॉस त्याला याच कामगिरीबद्दल मिळाला, पण पदक हाती येण्यापूर्वीच तो गेला. त्या भागातील एका खंदकाला त्याचेच नाव पडले होते. ५ ऑगस्टच्या पहाटे, ‘मन्स्टर ॲली’ या खंदकासाठी झुंज चालू असता, नेमबाजाची गोळी डोक्यात लागून तो ठार झाला. प्रेताचा ठावठिकाणा लागला नाही. तिएपव्हालच्या स्मारकावर त्याचे नाव आहे.

ब्रिगेडियर हेन्री पेज-क्रॉफ्ट यांनी वडिलांना सांत्वनपत्र लिहिले, तेव्हा मुलाला शौर्यपदक मिळाल्याचे वडिलांना प्रथमच कळले. आणि हा अधिकारी संगीतरचनाकार होता, हे त्या पत्रव्यवहारातून ब्रिगेडियरना कळले. व्हॉन विल्यम्सने ‘लंडन सिंफनी’ त्याच्या स्मृतीस अर्पण केली. वाद्यवृंदासाठीची एक फँटेसिया अपुरी राहिली होती. ती पुढे इतर संगीतकारांनी पूर्ण करून वाजवली आहे.