कुलूप डीव्हीडीचं, अडकलं गिऱ्हाईक

आज लिनक्सवर डीव्हीडी बघायची तर चकती आत सरकवायची, व्हीएलसी हे सॉफ्टवेअर उघडायचं, की सिनेमा सुरू. त्यासाठी लागणारी छोटीशी लायब्ररी, लिबडीव्हीडीसीएसएस, तेवढी संगणकावर हवी. तिची कुळी मात्र थेट कोर्टकचेरीपर्यंत जाते.

१९९६ साली जपानच्या बाजारात डीव्हीडी आली, ती सीएसएस नावाचं कुलूप घेऊनच. सिनेमा सांकेतिक रूपात, तो उलगडणारी किल्ली चकतीवरच. पण तीही सुमारे चारशे वेगवेगळ्या किल्ल्यांनी पुन्हा बंद केलेली. प्लेअर बनवणाऱ्याने पैसे भरायचे, गुप्ततेच्या करारावर सही करायची, मग त्यातली एखादी किल्ली त्याच्या वाट्याला यायची. लिनक्सचा सगळा कारभार उघड्या सोर्स कोडवर. तिथे गुप्ततेची हमी देणार कोण? त्यामुळे चकती विकतची, ड्राइव्ह विकतचा, आणि सिनेमा काही दिसत नाही! गंमत अशी, की चोरून चकत्या छापणाऱ्यांना या कुलपाचा काहीच त्रास नव्हता. ते कुलपासकट हुबेहूब नक्कल छापत आणि ती कुठल्याही प्लेअरवर चाले.

ऑक्टोबर १९९९ मध्ये नॉर्वेतल्या यॉन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाने, निनावी साथीदारांसह केलेला, हे कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम इंटरनेटवर टाकला. झिंग कंपनीच्या प्लेअरमधली किल्ली नीट लपवलेली नव्हती, ती या मंडळींच्या हाती लागली होती. किल्ली होतीही जेमतेम ४० बिटांची. याहून भक्कम सांकेतिक तंत्र देशाबाहेर पाठवण्यावर, हे कुलूप बनलं तेव्हा, अमेरिकेत निर्बंध होते. काही आठवड्यांतच फ्रँक स्टीव्हन्सनने गणित मांडून दाखवलं, की किल्ली मिळवायचीसुद्धा गरज नाही, कुलूपच कच्चं आहे.

जानेवारी २००० मध्ये योहान्सनच्या घरावर धाड पडली, संगणक जप्त झाले. तिकडे न्यूयॉर्कमध्ये सिनेमा स्टुडिओंनी '२६००' या मासिकाला डीसीएसएस आपल्या साइटवर ठेवल्याबद्दल कोर्टात खेचलं. प्रोग्रॅम लिनक्सवर डीव्हीडी बघण्यासाठीच आहे, असा बचाव झाला. लिनक्ससाठी म्हणता, मग प्रोग्रॅम विंडोजवर कसा चालतो, हा तिथला बोचरा सवाल. उत्तर साधं होतं: डीव्हीडीवरची यूडीएफ फाइलरचना लिनक्सला तेव्हा धड वाचता येत नव्हती, म्हणून चकती आधी विंडोजवरच उघडावी लागे. न्यायाधीश लुइस कॅप्लन यांना ते पटलं नाही. ऑगस्ट २००० मध्ये प्रोग्रॅमवरच नव्हे, त्याची लिंक देण्यावरही बंदी आली. मग लोकांनी तोच कोड टी-शर्टांवर छापला, हायकूंमध्ये गुंफला. फिल कारमोडी या पठ्ठ्याने तर तो एका अगडबंब मूळ संख्येत बसवला. आता संख्येवर बंदी घाला म्हणावं!

नॉर्वेच्या न्यायालयाचं डोकं जास्त ठिकाणावर होतं, असं माझं मत. स्वतः विकत घेतलेली चकती उघडून पाहणं हा गुन्हा नाही, म्हणून जानेवारी २००३ मध्ये योहान्सन निर्दोष सुटला. डिसेंबरात अपिलातही तेच झालं.

एव्हाना पॅरिसच्या इकोल सेंत्रालमधल्या विद्यार्थ्यांच्या व्हिडिओलॅन प्रकल्पातून लिबडीव्हीडीसीएसएस आली होती. व्हीएलसी त्यांचंच. कुणाची किल्ली न वापरताही ती गणिताच्या जोरावर कुलूप उघडते.

ही लायब्ररी अनेक लिनक्स वितरणांत आजही आयती मिळत नाही. डेबियन किंवा उबुंटू असेल तर 'लिबडीव्हीडी-पीकेजी' टाका. ते सोर्स उतरवून तुमच्याच संगणकावर ती तयार करतं. आणि आपल्याकडचा कायदा विचाराल, तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ असं कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच.