मुरलीकांत पेटकर : 37.33 सेकंदांचं सुवर्ण आणि अर्ध्या शतकाची वाट

बारडोली : सुरत-भुसावळ लाइनवर राहणाऱ्या मराठी माणसांना पेटकर हे नाव 2024 साली ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटामुळे नव्याने कळलं. चित्रपट म्हटला की मीठमसाला आलाच. पण या जलतरणपटूची खरी कारकीर्दही काही कमी नाही. तिची थोडक्यात माहिती.

गाव आणि फौज

मुरलीकांत राजाराम पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या पेठचे. लहानपणी कुस्तीचा नाद. कमी वयातच ते फौजेत गेले आणि ‘ईएमई’ म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती विभागात जवान झाले. फौजेत त्यांनी बॉक्सिंगचे हातमोजे चढवले आणि सैन्यदलांच्या स्पर्धांमध्ये नाव कमावलं. म्हणजे पोहणं हा त्यांचा पहिला खेळ नव्हेच.

1965 ची जखम

1965 च्या भारत-पाक युद्धात शत्रूच्या विमानांनी तळावर हल्ला केला. त्यात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या आणि एक गोळी पाठीच्या कण्यात अडकली. ते बराच काळ बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा कमरेखालचं शरीर साथ देत नव्हतं. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं ‘अश्विनी’ रुग्णालय आहे, तिथे पुढचे उपचार झाले.

व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. पाणी अंगाचा भार उचलतं. पाय चालत नसले तरी खांदे आणि हात माणसाला पुढे नेतात. कुस्ती-बॉक्सिंगने कमावलेले खांदे इथे कामी आले. उपचार म्हणून सुरू झालेलं पोहणं हळूहळू त्यांचा खेळ बनलं.

तेल अवीव ते हायडलबर्ग

1968 साली इस्रायलमधल्या तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये भारत पहिल्यांदा उतरला. पेटकर त्या संघात होते. टेबल टेनिसमध्ये त्यांनी पहिली फेरी पार केली, पदक मात्र मिळालं नाही.

पुढची पॅरालिम्पिक ऑगस्ट 1972 मध्ये पश्चिम जर्मनीत झाली. ऑलिम्पिक म्युनिकला होतं, पण तिथल्या खेळाडूंच्या वसाहतीतली घरं खासगी फ्लॅट म्हणून द्यायची ठरल्याने व्हीलचेअरवरच्या खेळाडूंची स्पर्धा हायडलबर्गला गेली. तिथे वर्ग 3 च्या 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी 37.33 सेकंदांची वेळ देऊन सुवर्ण जिंकलं. ही वेळ विश्वविक्रमी ठरली. शिवाय भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलम या प्रकारांतही ते उतरले.

या पदकाचं मोल कळायला काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. भारताचं हे पॅरालिम्पिकमधलं पहिलंच पदक, आणि तेही सोन्याचं. त्याच वर्षी म्युनिकला आपल्या हॉकी संघाला कांस्य मिळालं. ऑलिम्पिकच्या जलतरणात भारताला आजवर एकही पदक नाही. पॅरालिम्पिकमधलं पुढचं सुवर्ण यायला 2004 उजाडलं. अथेन्सला भालाफेकीत देवेंद्र झाझडियाने ते आणलं. मधे 32 वर्षं गेली. ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राने 2008 साली जिंकलं, म्हणजे पेटकरांच्या नंतर 36 वर्षांनी.

सन्मान

पदकानंतर पेटकरांनी पुण्यात ‘टेल्को’मध्ये नोकरी केली. देशाला त्यांची आठवण फार उशिरा झाली. 2018 साली पद्मश्री मिळाली. अर्जुन पुरस्कार तर जानेवारी 2025 मध्ये, जीवनगौरव म्हणून हाती आला. सुवर्ण आणि अर्जुन यांच्यात 52 वर्षांचं अंतर पडलं. ज्या वयात असा पुरस्कार खेळाडूला सराव, प्रवास आणि प्रशिक्षक मिळवून देतो, ते वय केव्हाच निघून गेलं होतं. नुकसान एकट्या पेटकरांचं झालं असंही नाही. त्यांच्याकडे बघून पाण्यात उतरली असती अशी कितीतरी पोरं तशीच घरात बसून राहिली.

पुढची पिढी

आता चित्र थोडं बदललंय. सोलापूर जिल्ह्याच्या सुयश जाधवने विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावले, तरी 2018 च्या आशियाई पॅरा स्पर्धेत जलतरणात सुवर्ण जिंकलं. त्याला 2020 चा अर्जुन पुरस्कार वेळेत मिळाला. पेटकर 1968 ला ज्या टेबल टेनिसमध्ये अडले, त्याच खेळात गुजरातच्या भाविना पटेलने टोकियो पॅरालिम्पिकमध्ये रौप्य मिळवलं.

सीमेवरच्या घरांसाठी

बारडोली भागात उसाच्या हंगामात खान्देशातून तोडणीच्या टोळ्या येतात, काही घरं इथेच रुजलीत. अशा घरात दिव्यांग मूल असलं की एक प्रश्न हमखास येतो : दाखला महाराष्ट्राचा, मग गुजरातेत चालेल का? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. नवं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांसाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करता येतो. राज्याच्या योजनांच्या रहिवासाच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी विचारून घ्याव्यात.

पोराला पाण्यात उतरवायचं तर डॉक्टरांचा सल्ला आणि सोबत जाणता प्रशिक्षक हवाच. पेटकरही आधी उपचार म्हणूनच पाण्यात उतरले होते.