गल्ला भाषा आणि खाद्यपरंपरा : इतिहासाची साधने
अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया या राज्यांच्या किनाऱ्यावर आणि लगतच्या बेटांवर गल्ला हा आफ्रिकी वंशाचा समाज राहतो. अठराव्या शतकात तेथील दलदलीत भातशेती करण्यासाठी पश्चिम व पश्चिम-मध्य आफ्रिकेतील लोकांना गुलाम म्हणून आणले गेले. त्यांपैकी अनेकांना भातशेतीचे ज्ञान होते. हिवतापाच्या भीतीने गोरे मळेमालक उन्हाळ्यात मळ्यांपासून दूर राहत. अशा अलगपणात इंग्रजी व आफ्रिकी भाषांच्या संपर्कातून गल्ला ही क्रिओल भाषा घडली.

या भाषेला दीर्घकाळ ‘मोडकी इंग्रजी’ म्हणून हिणवले गेले. भाषाशास्त्रज्ञ लोरेंझो डाऊ टर्नर यांनी १९४९ च्या ग्रंथात हजारो आफ्रिकी शब्द नोंदवून हा समज खोडून काढला.

असे शब्द स्वयंपाकघरातही आढळतात. तिळाला ‘बेने’ म्हणतात. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतला आहे. भुईमुगासाठीचा ‘गूबर’ आणि भेंडीसाठीचा ‘गंबो’ हे शब्द बांटू भाषांतून आले. टोमॅटो घालून शिजवलेला तांबडा भात पश्चिम आफ्रिकेतील जोलोफ भाताशी जवळचा आहे.

गुलामांना लिहिण्या-वाचण्यास मज्जाव होता, त्यामुळे त्यांनी स्वतः लिहिलेली साधने थोडीच आहेत. म्हणूनच त्यांचा इतिहास अभ्यासताना मळ्यांच्या हिशेबवह्यांबरोबर हे शब्द आणि पदार्थही पुरावा म्हणून तपासावे लागतात.