दर्यावरची वाट कोणत्या पुस्तकात शोधावी?

होकायंत्राशिवाय माणसं भर समुद्रात वाट कशी काढायची, हे वाचायला चांगलं पुस्तक कोणतं, असं एका गटानं विचारलंय. पुस्तकं पुष्कळ आहेत. पण लिहिणारा स्वतः होडीत बसला होता का, ते आधी बघा.

प्रशांत महासागरात बेटं एकमेकांपासून शेकडो, हजारो किलोमीटरवर आहेत. तिथं माणूस पोचला कसा? १९५६ साली न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्प यांनी लिहिलं की इतक्या लांब कोणी ठरवून गेलं नाही, भरकटत लागले. हे त्यांनी जुने कागद वाचून ठरवलं. डेव्हिड लुईस हे डॉक्टर, आणि शिडाच्या होडीनं फिरणारे. ते बेटांवरच्या जुन्या वाटाड्यांबरोबर समुद्रात गेले, होकायंत्र बाजूला ठेवून. त्यांचं ‘वुई, द नेव्हिगेटर्स’ १९७२ साली आलं. माझ्या मते सुरुवात यानंच करावी.

आपण मृग लागला की पेरणीचं बघतो, तिथं ताऱ्यांवर होडी चालते. तारा जिथून उगवतो ती दिशा. तो वर चढला की त्याच जागेवरून उगवणारा पुढचा धरायचा. ढग आले तर? दूरच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा दिवसेंदिवस एकाच बाजूनं येत राहतात. होडी कशी डुलते, त्यावरून ती बाजू अंगानं ओळखायची. लिहिलेलं काही नाही. पोरं चटईवर खडे गोल मांडून तारे शिकायची.

सातावाल बेटावरचे माऊ पियालुग हे आजोबांकडून शिकले. पुढं तरुण पोरं शिकेनात. शेवटी त्यांनी रीत मोडून बाहेरच्यांना विद्या दिली. हवाईत तर जाणता वाटाड्या उरलाच नव्हता. १९७६ साली माऊंनी ‘होकुलेआ’ ही दोन नावांची जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली. अंतर सुमारे ४००० किलोमीटर, हाताशी एकही यंत्र नाही, आणि महिन्याभरात पोचले! शार्प यांचं म्हणणं तिथंच लटकं पडलं. माऊंकडं राहून शिकलेल्या स्टीफन थॉमस यांचं ‘द लास्ट नेव्हिगेटर’ गोष्टीसारखं वाचता येतं.

आपल्या समुद्राचं हवं असेल, तर मुंबई विद्यापीठात भूगोल शिकवलेले बी. अरुणाचलम यांचं ‘हेरिटेज ऑफ इंडियन सी नेव्हिगेशन’ मागा. कच्छच्या मालमांच्या पोथ्या आणि लक्षद्वीपच्या नावाड्यांच्या वह्या त्यांनी अभ्यासल्या. ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, तेव्हा गटातली कॉलेजात जाणारी पोरगी शेजारी बसवा. तालुक्याच्या वाचनालयात नसेल, तर मागणीच्या वहीत नाव लिहून या.