सलून व स्पामधील निर्जंतुकीकरण : योग्य पद्धत, योग्य कालावधी

नवी दिल्ली : केशकर्तनालयात एका ग्राहकासाठी वापरलेली कात्री दुसऱ्या ग्राहकासाठी उचलली जाते, तेव्हा मधल्या वेळात तिच्यावर कोणती प्रक्रिया झाली, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. अनेक ठिकाणी ती फडक्याने पुसली जाते, काही ठिकाणी जंतुनाशक द्रावणात क्षणभर बुडवून बाहेर काढली जाते. या दोन्ही कृती निर्जंतुकीकरणाच्या व्याख्येत बसत नाहीत. द्रावण कोणते, त्याची तीव्रता किती आणि उपकरण त्यात किती वेळ बुडलेले राहिले, या तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच जंतूंचा नाश होतो. त्यातही सर्वाधिक दुर्लक्ष होते ते वेळेकडे.

स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण यांतील भेद

या विषयात तीन पायऱ्या वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. पहिली स्वच्छता, म्हणजे केस, त्वचेचे कण, तेल, मेण व साबणाचा थर काढून टाकणे. दुसरी निर्जंतुकीकरण, म्हणजे रासायनिक द्रावणाने रोगकारक जिवाणू, विषाणू व बुरशी नष्ट करणे. तिसरी संपूर्ण निर्जंतुकीकरण, ज्याला इंग्रजीत स्टरिलायझेशन म्हणतात. या पायरीत जिवाणूंचे चिवट बीजाणूही शिल्लक राहत नाहीत. ते सामान्यतः ऑटोक्लेव्हमधील दाबाखालच्या वाफेने साधले जाते.

कोणत्या उपकरणासाठी कोणती पायरी आवश्यक, हे ठरविण्याचा निकष अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या वर्गवारीत सापडतो. केवळ अखंड त्वचेला स्पर्श करणाऱ्या वस्तूंपासून धोका कमी असतो. त्वचा भेदून रक्तापर्यंत पोहोचणाऱ्या वस्तूंपासून तो सर्वाधिक असतो. रुग्णालयांसाठी तयार झालेली ही वर्गवारी सलूनलाही लागू पडते. खुर्चीच्या हातासाठी साधे निर्जंतुकीकरण पुरेसे आहे. त्वचेत शिरणारी सुई मात्र निर्जंतुक वेष्टनातील, नवी आणि एकदाच वापरण्याजोगीच असली पाहिजे.

धोका कशाचा?

कंगवा, मशीन व टॉवेल यांतून नायटा व डोक्याच्या त्वचेचा बुरशीजन्य संसर्ग, उवा तसेच फोड आणणारे जिवाणू पसरू शकतात. रक्ताशी संबंध येतो तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होतो. कावीळ ब, म्हणजेच हिपॅटायटिस बी या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस संसर्गक्षम राहू शकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही तो पसरतो. या आजारावर लस आहे. हिपॅटायटिस सी या आजारावर अद्याप लस नाही. एचआयव्ही शरीराबाहेर त्यामानाने लवकर दुबळा होतो, तथापि रक्ताने माखलेले पाते लगेच दुसऱ्यासाठी वापरणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय ठरत नाही.

परदेशातील दोन घटना या संदर्भात उद्बोधक आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००० साली एका नखसेवा केंद्रात पाय बुडविण्याच्या टबांतून शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर दीर्घकाळ न भरणारे फोड उद्भवले. ‘मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम’ हा जिवाणू त्यास कारणीभूत होता. टबातील पाणी खेचणाऱ्या झडपेच्या जाळीमागे केस व त्वचेचे कण साचले होते आणि तेथेच हा जिवाणू वाढला होता. टब वरून स्वच्छ दिसत असला तरी जाळीमागील भाग कोणी उघडून पाहिला नव्हता.

दुसरी घटना न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क शहराची. तेथील एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर रक्तघटकांची इंजेक्शने देण्याच्या उपचारानंतर ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे २०१८ पासूनच्या तपासात आढळले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तेथे जंतुनाशक फवारा व पुसण्याचे कागद वापरले जात होते. नव्हता तो ऑटोक्लेव्ह. एकदाच वापरावयाच्या वस्तूही पुन्हा वापरल्या जात होत्या. रक्ताशी संबंध येणाऱ्या साधनांना साध्या निर्जंतुकीकरणाचा निकष लावल्यास काय घडते, हे या घटनेतून दिसते.

संपर्ककाळ म्हणजे काय?

जंतुनाशक द्रावण पृष्ठभागावर ओले राहून काम करण्यासाठी लागणारा किमान वेळ म्हणजे संपर्ककाळ. तो प्रत्येक उत्पादनाच्या वेष्टनावर नमूद असतो आणि तोच प्रमाण मानावा. सलूनमध्ये वापरल्या जाणाऱ्या चतुष्क अमोनियम वर्गातील अनेक द्रावणांसाठी तो १० मिनिटांचा आहे. अमेरिकेत १९४७ पासून बाजारात असलेले ‘बार्बिसाइड’ हे निळे द्रावण याच वर्गातील असून, त्यातही उपकरण १० मिनिटे पूर्ण बुडवून ठेवावे लागते.

येथे ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कात्रीची मूठ द्रावणाबाहेर राहिली तर बोटांचा स्पर्श झालेला तो भाग तसाच राहतो. पृष्ठभागावर फवारलेले द्रावण संपर्ककाळ पूर्ण होण्याआधी वाळले, तर पुन्हा फवारावे लागते. फवारून लगेच फडक्याने पुसणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. अशा वेळी जंतू मरण्याऐवजी फडक्यावर जातात. सुती कापड चतुष्क अमोनियम संयुगे शोषून धरते, त्यामुळे द्रावणाची परिणामकारकताही घटते.

प्रक्रियेचा क्रम

योग्य क्रम असा आहे : उपकरणावरील केस व मळ ब्रशने काढावा; साबण व कोमट पाण्याने ते घासून धुवावे; स्वच्छ पाण्याने खळखळून कोरडे करावे; मग द्रावणात बुडवून घड्याळ लावावे. वेळ पूर्ण झाल्यावर चिमट्याने किंवा हातमोजे घालून ते बाहेर काढावे, वेष्टनावरील सूचनेनुसार धुवावे, स्वच्छ कापडाने वा कागदाने टिपून झाकणाच्या डब्यात ठेवावे. कात्री व चिमटे उघडून बुडवावेत, म्हणजे सांध्यांतही द्रावण पोहोचते.

धुण्याची पायरी वगळता येत नाही, कारण केस, तेल व रक्त द्रावणाची शक्ती खर्ची घालतात आणि त्यांच्या थराखालील जंतू सुरक्षित राहतात. कोरडे करण्यामागेही कारण आहे : ओल्या उपकरणांबरोबर आलेले पाणी द्रावण हळूहळू पातळ करते. सामान्यतः द्रावण रोज सकाळी नवे बनवावे आणि ते गढूळ झाले किंवा त्यात केस तरंगू लागले, तर दिवस संपण्याची वाट न पाहता बदलावे.

कोणते द्रव्य, कशासाठी?

सोडियम हायपोक्लोराइट स्वस्त व प्रभावी आहे. फरशी, बेसिन व सच्छिद्र नसलेल्या पृष्ठभागांसाठी ०.१ टक्के द्रावण वापरता येते. मूळ द्रावण ५ टक्क्यांचे असल्यास २० मिलिलिटर द्रावणात ९८० मिलिलिटर पाणी मिसळावे. रक्त सांडले असल्यास प्रथम हातमोजे घालून ते कागदाने टिपावे, मग ०.५ टक्के द्रावण, म्हणजे १०० मिलिलिटर मूळ द्रावणात ९०० मिलिलिटर पाणी, त्या जागी ओतून १० मिनिटे राहू द्यावे. हायपोक्लोराइट धातू गंजवते, म्हणून कात्री व वस्तऱ्याच्या मुठीसाठी ते नेहमी वापरू नये. प्रकाश व उष्णतेने ते निकामी होत जाते. शौचालय स्वच्छ करण्याच्या आम्लाबरोबर किंवा अमोनियायुक्त पदार्थाबरोबर ते कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निर्माण होतात.

अल्कोहोल ७० टक्के तीव्रतेचे असावे. प्रथिनांची रचना मोडण्यासाठी काही प्रमाणात पाणी आवश्यक असल्याने ९० टक्क्यांहून तीव्र अल्कोहोल उलट कमी परिणामकारक ठरते. ते झपाट्याने उडून जाते, त्यामुळे ओझरता फवारा पुरेसा होत नाही, आणि बीजाणूंवर त्याचा परिणाम होत नाही. मगभर पाण्यात अँटिसेप्टिकचे चार थेंब टाकून त्यात कंगवे ठेवण्याची रीतही निरुपयोगी आहे. वास येणे हा निर्जंतुकीकरणाचा पुरावा नव्हे.

निळ्या प्रकाशाच्या अतिनील पेट्यांविषयी मोठा गैरसमज आहे. अतिनील किरण जेथे थेट पडतात तेथेच काम करतात; सावलीतला भाग व कंगव्याच्या दातांमधील फटी तशाच राहतात. आधीच निर्जंतुक केलेली उपकरणे ठेवण्यासाठी ही पेटी चालते, निर्जंतुकीकरणाला पर्याय म्हणून नाही. पेटीत फॉर्मेलिनच्या गोळ्या ठेवण्याची पद्धतही टाळावी. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे.

पाण्यात २० मिनिटे उकळल्यास बहुतेक जंतू मरतात, बीजाणू मात्र टिकू शकतात. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये वेष्टनातील साधनांसाठी १२१ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटे राखावे लागते. ही वेळ तापमान गाठल्यानंतर मोजावयाची असते, बटण दाबल्यापासून नव्हे.

भारतीय सलूनमधील काही नेहमीच्या सवयी

दाढीसाठी प्रत्येक ग्राहकाला नवे पाते, हा नियम आता बराच रुळला आहे. ते पाते ग्राहकासमोर उघडले जावे. पाते बदलले तरी वस्तऱ्याची मूठ व पाते धरणारा खोबणीचा भाग तोच राहतो, म्हणून तोही प्रत्येक वेळी धुऊन निर्जंतुक करणे आवश्यक असते. दाढीनंतर चेहऱ्यावर फिरविला जाणारा तुरटीचा खडा हा दुर्लक्षित धोका आहे. तो थेट ताज्या ओरखड्यांवरून फिरतो आणि दिवसभर अनेकांच्या चेहऱ्यांना लागतो. तुरटीची पूड स्वच्छ कापसावर घेऊन वापरल्यास हा प्रश्न उरत नाही. साबणाच्या ब्रशऐवजी नळीतील फेस हाताने लावणे अधिक सुरक्षित.

ब्युटी पार्लरमध्ये भुवया कोरताना दोऱ्याचे टोक दातांत धरले जाते. त्याऐवजी ते मानेभोवती अडकविण्याची पद्धत अवलंबता येते; दोरा मात्र प्रत्येकीसाठी नवा हवा. व्हॅक्सिंगची वापरलेली पट्टी किंवा लाकडी चमचा पुन्हा भांड्यात बुडवू नये. मेण गरम असते म्हणून त्यात जंतू टिकत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. त्वचेला सोसवेल इतके तापमान जंतूंनाही सोसवते. नखांच्या खरखरीत पट्ट्या, लाकडी काड्या, स्पंज व टाचा घासण्याचे दगड सच्छिद्र असल्याने नीट निर्जंतुक होत नाहीत. त्या एका ग्राहकापुरत्याच वापराव्यात.

स्पा : पाणी, वाफ आणि कापड

पाय बुडविण्याच्या टबातील पाणी प्रत्येक ग्राहकानंतर काढावे, टब घासून धुवावा, पुन्हा पाणी भरून जंतुनाशक घालावे व यंत्र सुरू ठेवून ते १० मिनिटे फिरवावे. दिवसअखेर जाळी काढून तिच्यामागील साचलेला मळ स्वच्छ करावा. ग्राहकांनी पायांचे केस काढल्यानंतर लगेच असा टब वापरू नये; कॅलिफोर्नियातील घटनेत अशा ग्राहकांना संसर्गाचा धोका अधिक आढळला होता.

गरम पाण्याच्या सामाईक टबात मुक्त क्लोरीनचे प्रमाण दशलक्ष भागांत किमान ३ भाग आणि सामू ७.० ते ७.८ दरम्यान असावा, अशी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची शिफारस आहे. कोमट पाण्यात क्लोरीन लवकर उडते, त्यामुळे एकदा सकाळी मोजून भागत नाही. टॉवेल व चादरी ७१ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २५ मिनिटे धुऊन पूर्ण वाळवाव्यात. मसाजच्या पलंगावरील चादर प्रत्येक ग्राहकानंतर बदलावी आणि चेहरा टेकविण्याचा भाग निर्जंतुक करावा.

वेळ कोठून आणायचा?

दहा मिनिटांचा नियम पाळला जात नाही, त्यामागे बहुधा अज्ञानापेक्षा रविवारची गर्दी असते. उपाय साध्या हिशेबात आहे. एका केशकर्तनाला २० मिनिटे आणि धुणे, भिजविणे व वाळविणे यांस मिळून आणखी २० मिनिटे लागत असतील, तर एका कारागिरासाठी कात्री, कंगवे व चिमटे यांचे दोन संच किमान आवश्यक आहेत. तिसरा संच असल्यास घाई उरत नाही. पहिला संच भिजत असताना दुसरा वापरात राहतो. दोन-तीन खुर्च्यांच्या छोट्या दुकानासाठी हा खर्च नगण्य नसला तरी तो एकदाच करावा लागतो. खुर्च्या व सामाईक जागा पुसण्याच्या वेळा भिंतीवरील तक्त्यात लिहिल्यास जबाबदारी निश्चित राहते.

अशी शिस्त अशक्य नाही, हे महासाथीच्या काळात दिसले. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून सलून मर्यादित सेवांसह उघडली, तेव्हा प्रत्येक सेवेनंतर खुर्ची व उपकरणांचे आणि दर दोन तासांनी सामाईक जागा व फरशीचे निर्जंतुकीकरण बंधनकारक करण्यात आले होते. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा राज्यसूचीतील विषय असल्याने परवाने व तपासणीचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत.

या व्यवस्थेत कारागिराचे आरोग्यही तितकेच महत्त्वाचे आहे. दिवसभर पाती व रसायने हाताळणाऱ्यांनी हिपॅटायटिस बीची लस घ्यावी, द्रावण बनविताना हातमोजे घालावेत व खोली हवेशीर ठेवावी. वापरलेली पाती उघड्या कचऱ्यात न टाकता न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात साठवावीत, अन्यथा इजा सफाई कामगाराला होते.

ग्राहकाने काय पाहावे?

पाते समोर उघडले का, टॉवेल धुतलेला आहे का, उपकरणे झाकलेल्या डब्यातून येतात का आणि द्रावण स्वच्छ आहे का, या चार गोष्टी कोणालाही पाहता येतात. हातापायांवर जखम किंवा त्वचेचा संसर्ग असल्यास ग्राहकानेही ते आधी सांगावे.

दुसऱ्यासाठी वापरलेल्या पात्याने कापले गेल्याची शंका असल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, ती पिळू नये आणि विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीची प्रतिबंधक लस शक्यतो २४ तासांच्या आत द्यावी लागते. एचआयव्हीचा धोका डॉक्टरांना वाटल्यास त्यावरील प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. त्यानंतर त्यांचा उपयोग होण्याची शक्यता उरत नाही.