मी पाजलेलं दूध

परवा नातवाने फोनवर विचारलं, "आबाजी, गणपती दूध प्यायला होता म्हणतात, तुम्ही पाहिलं का?" पाहिलं म्हणजे काय, मी स्वतः पाजलं!

गुरुवार होता, २१ सप्टेंबर १९९५. पितृपक्ष चालू. पहाटे दिल्लीच्या एका देवळातून निघालेली बातमी फोनवरून बघता बघता देशभर, पार लंडनच्या साउथॉलपर्यंत पोचली. आमच्या कोंढ्यात ती पवनीहून येणाऱ्या एसटीने आली. शाळा सुटल्यावर मीही रांगेत! चमचा सोंडेला टेकवला, जरासा तिरपा केला आणि दूध हळूहळू कमी होत गेलं. अंगावर काटा आला. तेवढ्यात माझ्याच शाळेतला सातवीचा एक पोरगा मूर्तीच्या पायाशी वाकून म्हणाला, "गुरुजी, दूद त खाली चालला जी."

मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. खाली पाहिलंसुद्धा नाही.

दिल्लीत केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून खुलासा केला. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर ते कळत नाही म्हणे. पण आमचा गणपती तर शेंदराचा! पांढरा ओघळ दिसायला अडचण काय होती? माझी नजर चमच्यावर होती. सोंड दूध ओढणार हे घरून निघतानाच मनात ठरलं होतं.

मी आपला मराठी माध्यमाचा बीए, विज्ञानाशी संबंध बेताचा, असं म्हणून सुटता येत नाही. १९०३ साली फ्रान्समधल्या नान्सीच्या ब्लाँदलो या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाला 'एन किरण' दिसले, मग इतरही बऱ्याच जणांना दिसू लागले. १९०४ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने अंधारात त्यांच्या यंत्रातला लोलक गुपचूप काढून घेतला. तरी किरण दिसतच राहिले!

आणि जीभ? ऑगस्ट २००६ मध्ये माहीमचा समुद्र गोड झाला म्हणून लोक बाटल्या भरभरून पाणी प्याले. पावसाने आणि मिठी नदीने खारटपणा कमी केलाही असेल, पण मिठीचं पाणी गोड? पिऊ नका म्हणून सरकार सांगत होतं. दोन-तीन दिवसांत देव पुन्हा दूध प्यायला लागले. त्या वेळी मी गेलो नाही. असो.

तो पोरगा नंतर वर्गात फारसं काही विचारत नसे. दहावी झाल्यावर त्याने गाव सोडलं.

नातू म्हणाला, "मग तुम्ही त्याला सॉरी म्हटलं का?"

नाही म्हटलं. त्याचा चुलतभाऊ अजून गावातच आहे, त्याच्याकडे नंबर मागितला आहे.