लाल गोळीच्या इतिहासातल्या आपल्या बायका

आमच्या कर्जत-खालापूरकडे आशाताई गरोदर बायकांना लाल गोळ्या देतात. त्यांत लोह असतं आणि फोलिक ॲसिड. या औषधाची कथा मुंबईत सुरू होते, आणि ती आपल्या समाजातल्या बायकांची आहे.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदरपणातला जीवघेणा पंडुरोग तिने अभ्यासला. सर्वांत निकृष्ट आहार आणि सर्वाधिक आजार गरीब मुस्लिम बायकांत आढळला. कारण धर्म नव्हता, ताट होतं. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, या बायका बऱ्या होतात, हे तिने १९३१ साली छापलं. तोच घटक पुढे, १९४१ मध्ये, अमेरिकेत पालकातून मिळाला आणि फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

मेंदूचं कोडं नंतर उलगडलं. मेंदूच्या पोकळ्यांतलं कोरॉइड प्लेक्सस रक्तातलं फोलेट एका ग्राहक-प्रथिनाने पकडून मेंदूजलात सोडतं. २००९ साली दिसलं, की त्या प्रथिनाचं जनुक बिघडलं तर रक्तात फोलेट पुरेसं असूनही मुलाचा मेंदू उपाशी राहतो. फिट्स येतात, चालणं-बोलणं मागे पडतं. फोलिनिक ॲसिडने अशा मुलांना फरक पडतो.

हा आजार अगदी विरळा. आपल्याकडे अडतं ते त्याआधीच, ताटात. घरातल्या सुनेने ती गोळी खरंच घेतली का, तिच्या वाट्याला पालेभाजी, डाळ उरली का, हे आपण विचारतो का? मुंबईच्या त्या बायकांचं ऋण एवढ्याने तरी फिटेल.